चौदा दिवस कुठून मोजायचे

— हो हो, समजलं, चहा नंतर. आधी ते दार लोट, वं रेणू. अर्धंच लोट, पूर्ण लावलं तर गल्लीले वाटीन हिरा काकी कोणाची चुगली घेऊन आली. तुही सासू बाजारात गेली नं? पाहिली मी पिशवी घेऊन जाताना, म्हणून तर आली. अन् अमरदीप? झोपला? रसमड्याच्या कारखान्यातून नाइट करून आला की दगडासारखा पडते बिचारा. पडू दे. पण त्याची गोंदियाची गाडी दुपारची हाय नं — त्याच्या आधी मले तुले एक सांगाचं हाय. मधात बोलू नोको. तशीही तू कुठं बोलतं.

आज तुहा अकरावा दिवस. अशी पाहू नोको! मले कसं माहीत म्हणजे? मागच्या आठवड्यात मंगळवारी तू विक्कीच्या मेडिकलमधून काळी पन्नी घेऊन आली, मी ओट्यावर मेथी निवडून राहिली होती. काळ्या पन्नीत काय बिस्किटं राहतेत? अन् संध्याकाळी नळावर तुहे डोळे सुजलेले. चौदा महिने झाले पाहून राहिली मी — आधी ती पन्नी, मागून ते डोळे. लोक म्हणतेत हिराले लय पंचायती. आहेतच. मग काय करू, मले घरात आहे कोण पाहाले?

तर काल विहारात बायांचं आरोग्य शिबिर होतं. ती ऐश्वर्या सिस्टर आली होती, तिनं भिंतीवर बाईच्या पोटाच्या चित्राचा मोठा कागद लावला, अन् बाया सगळ्या पदरात तोंड घालून हसून राहिल्या. मी नाही हसली. मी हात वर केला — म्हटलं, सिस्टर, आमच्या शेजारणीसाठी विचारते, पाळीनंतर डोक्यावरून पाणी घेतलं त्या दिवसापासून मूल राहाले चौदावा नं? तर ती म्हणे, "नहीं मौसी, पहला दाग जिस दिन, वही एक नंबर." मी म्हटलं, काय? तिनं पुन्हा सांगितलं, लहान पोराले सांगते तसं. अठ्ठावीस दिवसांचं चक्र असलं तर पहिल्या डागापासून चौदाव्याच्या आसपास अंडं सुटते. अन् सुटलं की त्याचं आयुष्य किती? एक दिवस. चोवीस तास, बस, खतम. पण पुरुषाचं बीज तीन-तीन, पाच-पाच दिवस आत जिवंत राहते, वाट पाहत बसते. म्हणून जवळ याचं ते आधी, मौसी, आधी — अंड्याच्या चार-पाच दिवस आधीपासून, एक दिवस आड. अंगावरून जाते ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार सुटणारं झालं की समजाचं, आलं जवळ. कोणाचं दोन दिवस आधी, कोणाचं चार दिवस मागून — ते काही प्लांटचा भोंगा नाही म्हणे, टायमावर वाजाले.

अन् मी तुले काय शिकवलं? पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घे, तिथून एक धर, चौदावा पकड, अन् तोपर्यंत लांब राहा, वाया घालवू नोको. म्हणजे कितवा झाला तो? मोज. बोटावर मोज, वं. — अठरावा. अंडं सुटून चार दिवस झाले राहतेत, अन् तवा माही रेणू पलंगावर नवी चादर टाकते. चौदा महिने. अन् या खेपेलेही अमरदीपले कोणी म्हटलं, तुहा दिवस पुढच्या शुक्रवारी हाय, तवरक मामाच्या पोराचं लग्न करून ये? मीच. बॅग भराले लावली ते मीच, अन् खरे दिवस तर आजपासूनच हायत.

मले कोणी शिकवलं? सासूनं, अजून कोणी. आपण धम्म घेतला, बाहेर बसणं सोडलं, विटाळ सोडला — पण मोजाले एक कुठून? डोक्यावरून पाण्यापासूनच. त्याच्या आधीचे दिवस कोणी दिवसांत धरतच नव्हतं. आमचे दौलतराव प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. त्या दिवशी नाइट आली की फोरमनकडे जाऊन शिफ्ट बदलून मागत. सगळे हसत — "काय दौलत, आज मुहूर्त हाय का?" सोळा वर्षं, दर महिन्याले मुहूर्त. नागपूरच्या डाक्टरनं दोघांचे रिपोर्ट पाहिले, म्हणे सगळं बरोबर, वाट पाहा. दिवस कुठून मोजता हे त्यानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. लाज वाटे.

मग सासूनं चंद्रपूरकडची पोरगी पाहिली त्यांच्यासाठी. तर यांनी भर अंगणात सांगून टाकलं — खोट माह्यात हाय, भट्टीनं जाळलं मले, हिराले कोणी बोलाचं नाही. मले वांझ म्हणू नये म्हणून. अन् मी? मी म्हटलं नाही की रिपोर्ट चांगला हाय. कपाटात होता, साड्यांच्या खाली. नाही काढला. बरं वाटे मले, वं. लोक त्यांच्याकडे पाहत, माह्याकडे नाही... बरं वाटे. हे कोणाले सांगितलं नाही मी. तुलेही सांगाचं नव्हतं.

बोलता बोलता त्यांना खरंच वाटाले लागलं ते. मागच्या पोळ्याले गेले. जाताना काय म्हणे — "हिरा, तुले माह्यापायी काही भेटलं नाही." अन् खोट कोणाचीच नव्हती. त्यांचीही नाही, माहीही नाही. चार दिवस इकडचे तिकडं.

काय म्हणून राहिली? उठवू कशी, सांगू काय? सांग नं, हिरा काकी येडी हाय, तिचं चुकलं. सासूलेही तेच सांग, माहं नाव घेऊन सांग, सगळं माह्यावर टाक. मले सवय हाय... नाही. नाही, सवय नाही मले. माहं तर दुसऱ्यानंच अंगावर घेतलं.

आता तू कावून रडून राहिली? हात सोड माहा. सोड म्हटलं नं. उठव त्याले. जा.