तिसरा भिडू

नारायण : लिही. ‘महोदय, बडोद्यातला गंजिफा तुम्ही मारलात.’ पूर्णविराम.

सानवी : आजोबा, सरकारी ऑफिस आहे. पहिल्याच ओळीत खून?

नारायण : मग कुठल्या ओळीत करू? पुढे लिही. ‘माझ्या तीन पत्रांना आपण उत्तर दिले नाही. चौथे नातीकडून मोबाइलवर लिहवून घेत आहे, कारण माझे अक्षर आपल्याला झेपत नसावे.’

सानवी : पण उत्तर आलंय ने काल! रविवारच्या हस्तकला मेळ्यात टेबल दिलंय तुम्हाला.

नारायण : ते उत्तर आहे? वाच मोठ्यानं.

सानवी : ‘कारागिराने आपले हाताने रंगवलेले पत्ते मांडावेत व घरच्या मंडळींसह दहा मिनिटे खेळ खेळून दाखवावा.’ मस्त आहे की.

नारायण : मस्त? चिंचोक्याची खळ शिजवून कापडाचे थर चिकटवायचे, गोल कापायचे, घोटायचे, दहा अवतारांचे बारा-बारा, एकशेवीस पत्ते रंगवायचे, तेव्हा एक जोड होतो. आणि हे म्हणणार, खेळा! लिही, ‘मी कारागीर आहे, माकड नाही.’

सानवी : नाही लिहिणार. आपण खेळू ने. मला शिकवा.

नारायण : आधी माशाचा डोळा नीट काढ. तुझा मत्स्यावतार झोपेतून उठल्यासारखा दिसतो.

सानवी : सहा महिने डोळाच काढतेय मी. आजोबा, एक्का मोठा की दहा?

नारायण : दहा. दहा म्हणजे दहा.

सानवी : आणि पहिला पत्ता कोण टाकतं?

नारायण : ज्याला घाई असेल तो.

सानवी : आजोबा.

नारायण : काय आजोबा?

सानवी : तुम्हाला येत नाही.

नारायण : ...दार लोटून घे जरा.

सानवी : येतच नाही? चाळीस जोड रंगवलेत तुम्ही!

नारायण : एक्केचाळीस. कोयलीला रिफायनरीत तीस वर्षं टाक्यांवर आकडे रंगवले. टाकीत काय आहे ते मला कधी कुणी विचारलं नाही. घरी येऊन तेच केलं. वर ‘धूम्रपान मना’ही मीच लिहायचो, बिडी ओठात धरून. असा तुझा आजोबा. आता सांग त्या ऑफिसला.

लीला : त्यांना कशाला, मला सांगा की.

(लीला पदराला हात पुसत दारात उभी आहे.)

नारायण : तू ऐकत होतीस?

लीला : दार लोटलं की मला जास्त ऐकू येतं. सानवी, अर्ध्या अवतारांत दहा मोठा, अर्ध्यांत एक्का. दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे, तो सुरू करतो. रात्री कृष्णाचा.

सानवी : आजी! तुला येतं?

लीला : माझे वडील जगदेवराव रोज दुपारी खेळायचे, दांडिया बाजारात. लग्नात त्यांनी मला एक जोड दिला. त्यावरूनच हे रंगवायला शिकले. शिकून झाल्यावर तो जोड काचेच्या कपाटात ठेवला. वर कुलूप.

नारायण : खेळून मळतात पत्ते! कडा उडतात. मी काय चुकीचं...

लीला : तुझा बाबा बारा वर्षांचा होता. खेळाला तिघं लागतात, चाळीस-चाळीस पत्ते वाटून. आम्ही दोघं सतरंजीवर बसलो आणि मी ह्यांना विचारलं, तिसरे बसता का? म्हणाले, थांब, रंग ओला आहे.

सानवी : बाबांना टक्कल पडलं आजी. अजून वाळला नाही?

नारायण : हसा. दोघी हसा. सानवी, ती पहिली ओळ खोड. लिही, ‘महोदय, बडोद्यातला गंजिफा मी मारला. हत्यार, एक कुलूप.’

लीला : खोडू नकोस गं. थोडा त्यांनीही मारलाय.

सानवी : मग दोघांची नावं घालू. पण रविवारचं काय? परवा आहे ने तो.

लीला : किल्ली द्या आधी.

नारायण : माझ्या हाताला रंग आहे.

लीला : किल्लीला चालतो.

नारायण : भर मेळ्यात, लोकांसमोर, मला येणार नाही लीला. मी एक्का टाकीन दहावर. बेअब्रू होईल.

लीला : होऊ दे की. मी हसेन, ही हसेल, लोक हसतील. तेवढ्यानं चार माणसं थांबतील टेबलापाशी.

नारायण : आणि जोड कुठला? तुझ्या वडिलांचा?

लीला : तोच. मळू दे.

नारायण : हं.

लीला : हं नको. तीन पत्रांना उत्तर नाही म्हणून अख्ख्या गोत्री भागाला ऐकू जाईल एवढं ओरडता. मी एकदाच विचारलं होतं, तेही तोंडी. तिसरे बसता का? हो की नाही, सांगा.