ठिपक्यांचं शिंगरू आणि नथ्थूबापूंची खोड

टाळ जरा खाली ठेवा मंडळी. ठेवा, ठेवा! देव काही पळून जात नाही, आणि महाप्रसाद झाल्याशिवाय तुम्हीही हलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. साधा प्रश्न! डाग कशाला म्हणायचं?

लुगड्यावर हळद सांडली — डाग! त्याच लुगड्यावर रंगाऱ्यानं हळदीचा ठिपका टाकला — नक्षी! हळद तीच, लुगडं तेच. मग मधे बदललं काय? सांगा की! तुम्ही सांगा, खांबाला टेकलेले पाटील! ...झोपले आहेत. झोपू द्या. झोपलेला माणूस निदान खोटं तरी बोलत नाही.

आणि खोटं बोलण्याचीच आजची कथा आहे. उभ्या जन्मात एकदाच बोललेलं खोटं! तुम्ही-आम्ही सकाळी चहाच्या आत तीन वेळा बोलतो, आपलं काही बिघडत नाही. पण ज्याचं पांढरं कापड, त्याच्यावरच थेंब दिसतो. ऐका!

तापीच्या काठी देवखेडी नावाचं गाव. तिथं नथ्थूसिंग गिरासे, गावाचे नथ्थूबापू. घोडी पाळायची, वाढवायची, दत्तजयंतीच्या जत्रेत विकायची, हा पिढीजात धंदा. आता घोड्यांचा बाजार म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. म्हाताऱ्या घोड्याचे दात घासतात, लंगड्याला इंजेक्शन देतात, मारक्या घोड्याला अफू चारून गरीब गाय करतात! पण बापूंची रीत न्यारी. गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा खोड सांगायची. "हा उजव्या बाजूनं बसू देत नाही." "ही फटाक्याला बुजते, वरातीला नेऊ नका." "हा पुलावर अडतो. चाबूक मोडला तरी पाऊल टाकणार नाही."

लोक हसायचे. म्हणायचे, अहो, घोडं विकताय की घोड्याची चहाडी करताय? पण हळूहळू बाजाराला कळलं, बापूंनी जी सांगितली नाही, ती खोड त्या घोड्यात नाहीच! मग काय! लांबलांबचे लोक डोळे मिटून दोर हातात घ्यायचे. शब्द म्हणजे शब्द. बापू म्हणायचे, "घोडं लपवलं तरी चालेल, खोड लपवू नये."

या बापूंना उतारवयात एक वेड लागलं. ठिपक्याच्या घोड्यांचं! वाण सातासमुद्रापलीकडचा. अ‍ॅपालूसा म्हणतात त्याला. पुन्हा म्हणायला लावू नका, माझी वरची कवळी पुढच्या रांगेतल्या वहिनींच्या ओटीत पडेल! आपण ठिपक्याच म्हणू. त्यातही ठेंगणं, माणसाच्या कमरेइतकं! पुण्याकडच्या एका शौकिनानं असा एक घोडा आणलेला. बापूंनी तो मिळवला आणि आपल्या ठेंगण्या माद्यांवर सोडला. हेतू एकच. ठिपका उमटला पाहिजे, आणि बांधाही देखणा पाहिजे.

पण इथंच घोडं पेंड खातं! रंग आला की पाय वाकडे. पाय सरळ, तर रंग मातकट. बापू गवंड्याचा ओळंबा घेऊन बसायचे. शिंगराच्या खांद्यापासून दोरा सोडायचा, तो गुडघ्याच्या मधून आणि खुराच्या मधून गेला पाहिजे. गवताच्या काडीइतका सरकला तरी बापू मान हलवायचे. "नाही जमलं, जमने."

जमना कोण? बापूंची एकुलती एक लेक. आई लवकर गेली. पोर पागेतच वाढली. पाळणा कसला, गव्हाणीतच निजायची! मोठी झाली तशी खरारा ती करायची, अडलेल्या घोडीला मोकळी ती करायची. शिंगरू जमिनीवर पडायच्या आत तिच्या हातात. नाकातोंडातला चिकटा पुसायची आणि हाक मारायची, "आबा, या! बघा!" गाव बापू म्हणायचं, पण आबा म्हणणारं साऱ्या जगात एकच तोंड. लक्षात ठेवा मंडळी, एकच!

एके दिवशी बापूंना तिच्या बोटावर पांढरं दिसलं. म्हणाले, "चुना लागलाय, धू." धुतलं. गेलं नाही. महिन्यानं दुसऱ्या बोटावर, मग हनुवटीवर, मग ओठावर. कोड! तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "लागट नाही. तब्येतीला काही धोका नाही. रंग गेलाय, बाकी मुलगी ठणठणीत." बापू बाहेर येऊन म्हणाले, "तिला काय जातंय बोलायला! तिला कुठं मुलगी उजवायचीय?" बावचीचं तेल झालं, उन्हात बसवणं झालं, पथ्यं झाली. बोलणी चालली होती ते स्थळ गप्प झालं. निरोपसुद्धा नाही!

बापूंचं लेकीवर प्रेम नव्हतं का? होतं हो! पोटभर होतं. तिच्याच हातचं जेवायचे, तिच्याशिवाय घास उतरायचा नाही. पण मनात किडा शिरला. उद्या गिऱ्हाईक म्हणालं, यांच्या घरातच डाग आहे, तर? मग हळूच सुरुवात झाली. "जमने, पाहुणे येताहेत, आत बस." "जमने, पदर जरा तोंडावर घे, वारा आहे." वारा! तापीकाठच्या वैशाखात वारा! पोरीला कळत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? सगळं कळत होतं. ती आत जायची आणि कडी स्वतः लावायची, म्हणजे बापाला लावावी लागू नये.

आणि मग ते शिंगरू जन्मलं! उजाडता उजाडता. जमनानं हातात झेललं, पुसलं, आणि ओरडली, "आबा, या! बघा!" पाठीवर कमरेपर्यंत पांढरीशुभ्र शाल, शालीवर काळेभोर ठिपके! बापू धावत आले. अंग वाळून ते पायावर उभं राहिलं, तसा बापूंनी ओळंबा सोडला. दोरा खांद्यातून, गुडघ्यातून, खुराच्या बरोबर मधे! बापू मटकन खाली बसले आणि लेकीला कवटाळून रडले. "जमने, आपलं झालं गं!" आपलं म्हणाले बरं का. तेव्हा आपलं होतं!

त्याच हंगामात एक शिंगी झाली. मातकट, कोरी, अंगावर एकही ठिपका नाही. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. बापूंच्या लेखी ती चुकलेली घोडी.

ठिपक्याची कीर्ती पसरली. बडोद्याकडचे मोठे बागाईतदार सहकुटुंब आले, मोटारी घेऊन. अंगणात खुर्च्या मांडल्या. जमना आत, कडी लावून. बापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं! शिंगराचा एकेक पाय उचलून दाखवला, खोडसुद्धा सांगितली. "आईवेगळं केलं की तीन दिवस खात नाही, सांभाळावं लागेल." पाहुणे खूश. मग बापूंनी शिंगराचा ओठ अंगठ्यानं वर केला. "आणि ही पाहा अस्सल वाणाची खूण. ओठावर, डोळ्याभोवती, कातडीवरच रंग उडालेला असतो. गुलाबी-पांढरे ठिपके. हे नसलं तर बाकी सगळं फुकट." बाईसाहेब वाकून म्हणाल्या, "अगं बाई, किती गोड! डाग पडल्यासारखं दिसतंय." बापूंना ते सहन झालं नाही. "डाग नका म्हणू बाईसाहेब! देवानं स्वतःच्या बोटानं लावलेलं लेणं आहे ते."

मंडळी... दाराच्या आत ती ऐकत होती.

तेवढ्यात मोटारीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला! शिंगरू उधळलं. दोर सुटला. खुर्च्या पडल्या, कपबशा फुटल्या, आणि ते थेट विहिरीकडं! कठडा नसलेली विहीर! बापू ओरडले. म्हाताऱ्या पायांनी किती पळणार? खाडकन कडी निघाली. जमना बाहेर आली, नुसती जीभ टाळूला लावून एक आवाज केला, आणि शिंगरू जागच्या जागी थांबलं. वळलं. येऊन तिच्या कुशीत तोंड खुपसलं. धावताना पदर पडलेला. शिंगराचा ओठ आणि तिचा ओठ, एकाशेजारी एक! तोच गुलाबी-पांढरा ठिपका. त्याच देवाचं तेच बोट!

बाईसाहेबांनी साडी सावरली. चार पावलं मागं सरल्या. हळूच विचारलं, "ही कोण?"

सोपा प्रश्न. दोन अक्षरी उत्तर, "लेक." बापूंनी लेकीकडं पाहिलं, बाईसाहेबांच्या सावरलेल्या साडीकडं पाहिलं, आणि म्हणाले,

"ही होय? ही... कामाला आहे आमच्याकडं. शेणगोठा करते."

मृदंग वाजवू नका. जरा शांतता असू द्या.

जमनानं पदर डोक्यावर घेतला. तोंडावर नाही हं, नुसता डोक्यावर. दोर बापूंच्या हातात दिला आणि म्हणाली, "होय, मालक. पागेतलं शेण राहिलंय अजून. उरकते."

शिंगरू विकलं गेलं. पेढे वाटले गेले. संध्याकाळी ताट आलं. "जेवून घ्या, मालक."

बापू हसले. "पुरे गं आता! तोंडातून निघून गेलं."

"होय, मालक."

रागावले. "मी बाप आहे तुझा!"

"माझे आबा घोड्याबद्दलसुद्धा कधी खोटं बोलले नाहीत, मालक. मग माणसाबद्दल बोलतील का? ते म्हणाले कामवाली, म्हणजे मी कामवालीच."

शब्दाचा पक्का माणूस शब्दातच अडकला! पुलावर अडलेल्या घोड्याला चाबूक मारता येतो, इथं कुणाला मारणार?

आठ दिवसांनी तिनं बोचकं बांधलं. "मालक, एवढी वर्षं काम केलं. मजुरी म्हणून ती मातकट शिंगी द्या." बापू म्हणाले, "अगं, पागा तुझीच आहे. ठिपक्याची ने, हवी ती ने." ती म्हणाली, "नको. ठिपके तुमच्याकडंच असू द्या. घोड्यावरच्या ठिपक्यांची किंमत तुम्हालाच कळते."

गेली! तापी ओलांडून मावशीच्या गावी. शिंगी मोठी झाल्यावर तिला छोटा छकडा जोडला, आणि वस्तीवरची पोरं अंगणवाडीत पोचवायला लागली. लेकरांना कसलं कोड! एक चिमुरडी विचारायची, "मावशी, तुझ्या ओठावर दूध सांडलंय का गं?" जमना म्हणायची, "हो गं, पुसायचंच राहिलं." आणि हसायची. बापाच्या घरी हसणं बंद झालं होतं, ते इथं परत आलं.

तीन वर्षांनी बापू तिच्या दारात उभे. वरातीमागून घोडं! तिनं पाणी दिलं, घोंगडी अंथरली. "बसा, मालक." म्हातारा ढसाढसा रडला. "जमने, एकदा आबा म्हण. मला दुसरं काही नको."

जमनाच्याही डोळ्यांत पाणी आलं हो. दगड नव्हती ती. म्हणाली, "म्हणेन. आत्ता म्हणेन. पण त्या दिवशी जे बोललात ते चारचौघांत बोललात. मग चारचौघांतच परत घ्या. दत्ताच्या जत्रेत तुम्ही प्रत्येक घोड्याची खोड सांगता ना? यंदा आपली एक सांगा. एवढंच म्हणा, त्या दिवशी मी खोटं बोललो, ती माझी लेक होती. मी तिथंच गर्दीत उभी असेन. तिथून हाक मारीन."

बापू म्हणाले, "सांगतो! दत्ताची आण!"

जत्रा भरली. तीच माणसं, तेच बडोद्याचे पाहुणे, त्याच बाईसाहेब. बापूंच्या हातात नव्या ठिपक्याच्या घोड्याचा दोर. गर्दीत, उसाच्या गाड्याशेजारी, जमना. पदर डोक्यावर, तोंड उघडं. पाहुणे हसत म्हणाले, "बोला बापू, सांगून टाका काय खोड आहे ती!"

बापूंनी तिच्याकडं पाहिलं. तोंड उघडलं. ओठ हलले. मंडळी, तिनंही श्वास धरला! पहिलं अक्षर तिच्याही ओठावर आलं होतं. आ...

बापू म्हणाले, "हा... हा पुलावर अडतो."

ती वळली आणि निघून गेली.

बापू अजून आहेत. थकलेत. अजून जत्रेला जातात, एकेक खोड सांगतात, ओळंबा दोऱ्याला बांधून खिशात असतो. लोक अजून म्हणतात, बापूंनी जी सांगितली नाही, ती खोड नाहीच! बापू ते ऐकतात आणि खाली बघतात. पागेत पंधरा ठिपक्याची घोडी आहेत. आबा म्हणणारं कुणी नाही.

काय हो, डोळे पुसताय? पुसू नका! रडणं सोपं असतं, दुसऱ्याच्या बापूवर तर फारच सोपं. मी विचारतो, त्या अंगणात मागं सरलेली चार पावलं कुणाची होती? बडोद्याच्या बाईसाहेबांची? या मंडपात किती बाईसाहेब बसल्यात! मुलगी बघायला गेल्यावर हात पालथा करून बघता, चालवून बघता, उजेडात उभी करून बघता. ओळंबा तेवढा न्यायचा राहतो! आणि आपल्या घरात ज्याच्यात काही उणं आहे, त्याला पाहुणे आले की माडीवर धाडता. कुणाला बोलता येत नाही, कुणाची बुद्धी थोडी, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी काळी. वारा आहे ना! सगळ्या गावाला वारा लागलाय!

देवानं लावलेलं बोट तुम्ही घोड्यावर ओळखता. देवळाच्या भिंतीवर ओल उमटली तरी ओळखता. घरात का ओळखत नाही?

आता आरती होईल, प्रसाद होईल, घरी जाल. दार वाजवाल. कुणीतरी दार उघडेल. तिच्या तोंडाकडं नीट बघा आणि कान देऊन ऐका, ती तुम्हाला काय हाक मारते ते. आबा म्हणते, की नुसतंच म्हणते, "या"?

हं. उचला टाळ.