दिव्यापुरती जागा

बुधवारा पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तृप्ती आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर कुणी नवरा-बायको तलावाकाठी होणाऱ्या आपल्या घराबद्दल बोलत होते. ऐकायचं नाही म्हटलं, तरी तिचे कान तिकडेच लागले.

“पाण्यात जाणाऱ्या लाकडी ओट्याला आपल्या पंकजनं नकाशात चारी बाजूंनी रेलिंग काढलीय. चांगलं केलं.”

“काय चांगलं? कार्तिकी पुनवेला दिवा कुठून सोडू मी? वरून फेकू का?”

“तापीवर, राजघाटावर सोड न. दरवर्षी तिथंच सोडतेस.”

“दारात पाणी असताना राजघाटावर जाऊ? लोक हसतील. मला पाण्यापर्यंत दोन पायऱ्या पाहिजेत, अन् रेलिंग बिलकुल नको.”

“शोभा, पायऱ्यांवर शेवाळ धरतं.”

“धरू द्या. मी घासते.”

“अन् संध्याकाळचा चहा आपण तिथंच घेणार. हातानं धरायला काही तर पाहिजे.”

“मला नाही लागत. तापीत पोहून मोठी झाले मी.”

“तुला नाही लागत.”

मग नर्सनं हाक मारली, “दिगंबर पाटील!”

तृप्तीनं वळून पाहिलं. म्हातारा उठून हातानं भिंत चाचपत होता. बाईंनी तो हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला.

“पंकजला सांगा, रेलिंग एकाच बाजूला लाव म्हणा. दुसऱ्या बाजूला मी आहे.”