थंड मुलखाचा कोबा

माझे नाव बाबाजी विठू मेस्त्री, वय अठ्ठ्याहत्तर वर्षे, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, व्यवसाय गवंडीकाम, मूळ राहणार तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग, सध्या मुक्काम मुलगा मंदार याच्या घरी, बुओना व्हिस्टा, सिंगापूर, लाँग टर्म व्हिजिट पासवर. आज मार्च २०१६ मधील दुसऱ्या गुरुवारी येथील पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, कोणी न बोलावता व कोणी न पढवता, मराठीतून सांगतो ते येणेप्रमाणे. माझे म्हणणे दुभाषी श्री. विश्वास नाडकर्णी यांनी अधिकारी सार्जंट कोह मॅडम यांना इंग्रजीत सांगितले व मराठीत लिहून घेतले.

मी वयाच्या बाराव्या वर्षी हातात थापी धरली. कोबा घोटणे हे माझे खास काम. कोबा म्हणजे सिमेंटची घोटून गुळगुळीत केलेली जमीन. माझ्या हातचा कोबा आमच्या तालुक्यात आजही चमकतो आहे व त्यावर कोठेही तडा नाही. हे वाक्य जबाबात आवश्यक आहे काय, असे अधिकाऱ्यांनी विचारले. मी आवश्यक आहे असे सांगितले.

तुआस येथील कारखान्यातील नमुन्याची लादी कोणी घोटली, याचा तपास या ठाण्यात चालू आहे. त्याबाबत अनवारुल हक, राहणार मूळ बांगलादेश, या गवंड्यावर संशय आहे व त्याचा वर्क परमिट रद्द करून त्यास परत पाठविण्याचे घाटत आहे, असे मला समजले. ती लादी अनवारुल याने घोटलेली नाही. ती मी घोटली. एकट्याने घोटली. हे सांगताना मी उभा राहिलो, तेव्हा अधिकाऱ्यांनी मला बसण्यास सांगितले.

सदर कारखान्यात माझा मुलगा मंदार इंजिनियर आहे. तेथे थंड देशांसाठी काँक्रीटच्या लाद्या ओततात. जपानच्या उत्तर भागातील एका हॉटेलात पोहण्याचा तलाव आहे. त्या तलावाभोवतीची जमीन बर्फाने सोलवटून निघाली असल्याने ती पूर्ण फोडून नवीन लाद्या बसवावयाच्या आहेत. ते काम मिळण्यापूर्वी नमुन्याची एक लादी पाहुण्यांना दाखवावयाची होती. सिंगापुरात बर्फ केवळ सरबतात मिळत असल्याने कारखान्याने एक कोल्ड रूम बांधली आहे. तीत लादी गोठवतात, वितळवतात व पुन्हा गोठवतात, आणि ती टिकते काय ते पाहतात. ही माहिती मला आता आहे. घटनेच्या दिवशी यातील अर्धीच माहिती होती.

मागील शुक्रवारी कारखान्याने कामगारांच्या घरच्या मंडळींना काम पाहण्यासाठी बोलावले होते. मी, सून रुचिरा व नात जाई असे गेलो. मला हेल्मेट व पिवळे जाकीट देण्यात आले. जेवणानंतर सर्व मंडळी जेट्टी पाहण्यास गेली. माझे गुडघे दुखत असल्याने मंदारने मला शेडमध्ये पंख्याखाली खुर्चीवर बसविले. माझ्यासमोर खाटेएवढी ताजी लादी होती. अनवारुल तिच्यावर लांब दांड्याचा ब्रश ओढत होता. काम संपवून तो मला म्हणाला, "चाचा, आप आराम से बैठो, हम लोग नमाज को जाता है." नंतर सर्व कामगार लॉरीत बसून मशिदीत गेले. शेडमध्ये मी एकटाच उरलो.

मी जवळ जाऊन पाहिले. लादीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत ओरखडे होते. आमच्याकडे अशी जमीन दिसली की गवंडी काम अर्धवट टाकून जेवायला पळाला, असे समजतात. मी बोटाने दाबून पाहिले. पाणी आत ओढले गेले होते व माल अजून हातात होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो कडक झाला असता व मग कोणाच्याही हातात काही राहिले नसते. मी हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. सोमवारी परदेशचे पाहुणे येणार आणि माझ्या मुलाच्या कारखान्याची अशी लादी पाहणार, हे मला सहन झाले नाही. भिंतीशी घोटण्याचा गुरमाळा, बादली व सिमेंटची फोडलेली गोणी होती. मी आडवी फळी टाकली, तिच्यावर गुडघे टेकले, कोरडे सिमेंट भुरभुरले व घोटण्यास आरंभ केला.

गुडघे दुखत असता हे कसे केले, असे अधिकाऱ्यांनी विचारले. त्या वेळी गुडघे दुखत नव्हते.

लादी उत्तम झाली. छताचे पत्रे तीत दिसू लागले. मी तिच्यावर ओली गोणपाटे अंथरली, हत्यारे धुऊन ठेवली व खुर्चीवर येऊन बसलो. कामगार परतले तेव्हा लादी झाकलेली पाहून दुसऱ्या कोणी तरी झाकली असे समजले असावेत. मी कोणास काही बोललो नाही. पाहुण्यांनी लादीची स्तुती केल्यावर मंदारला सांगावे, असा माझा बेत होता. शनिवार व रविवार मी मोठ्या उल्हासात काढले. सोमवारी संध्याकाळी तो घरी येताच मी दारातच विचारले, "पाहुणे काय म्हणाले?" तो म्हणाला, "बाबा, काही विचारू नका," व आंघोळीस गेला. मंगळवारीही त्याने तेच उत्तर दिले.

काल, बुधवारी, जेवताना त्याने सांगितले ते असे. गोणपाट काढताच पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले व लादीस हात न लावता निघाले. मॅनेजर श्री. सेंग फार संतापले. अनवारुल दुसऱ्या कंत्राटदाराकडे जाऊ पाहतो यावरून त्याची व त्यांची लादी ओतण्याच्या आदल्या दिवशी सर्वांदेखत बोलाचाली झाली होती. त्याचा सूड म्हणून त्याने मुद्दाम लादी नासवली, अशी तक्रार त्यांनी पोलिसांत दिली.

मी विचारले, "लादी गुळगुळीत झाली होती?"

मंदार म्हणाला, "गुळगुळीत? जाईने भांग पाडला असता तिच्यात बघून."

हे ऐकून मला अतिशय आनंद झाला, हे मी लपवत नाही. मी म्हणालो, "ती मी घोटली."

रुचिराच्या हातातील डाव आमटीतच राहिला. जाई म्हणाली, "आजोबा! सीरियस आ? यू डाय लाह," म्हणजे आता माझी धडगत नाही.

मंदार हळू आवाजात म्हणाला, "बाबा, हे बाहेर कुठे बोलू नका. तुम्हाला आत मी नेलं होतं. माझी नोकरी जाईल."

"आणि त्याची?"

"त्याचं मी बघतो काहीतरी."

मी म्हणालो, "माझ्या हातचे काम दुसऱ्याच्या नावावर गेलेले मला चालत नाही. माझ्या कामाची शिक्षा दुसऱ्याला झालेली तर मुळीच चालणार नाही. उद्या मी ठाण्यात जाणार."

"ठाणं कुठे आहे ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"विचारीन."

"कोणत्या भाषेत?"

मी उठून हात धुतले. आज सकाळी मी धोतर नेसून, काळी टोपी घालून बाहेर पडलो, तेव्हा मंदार लिफ्टपाशी बूट घालून उभा होता. तो म्हणाला, "चला. नाहीतर टॅक्सीवाला तुम्हाला सोडायचा तिसरीकडेच." तो माझ्यासोबत येथे आला, हे नोंदवावे. त्यास कोणी बोलावले नव्हते.

येथे आल्यावर कोह मॅडम यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. त्या म्हणाल्या, "अंकल, यू शुअर ऑर नॉट?" नंतर त्यांनी दुभाष्यामार्फत विचारले की, त्या कामगाराची दया येऊन मी असे सांगतो काय, अथवा मुलाने पाठविले काय. मला राग आला. मी म्हणालो, "मॅडम, माझ्या हातात गुरमाळा द्या आणि मग बोला." त्यांनी थोडा विचार करून म्हटले, "कॅन," म्हणजे चालेल. त्यांनी आम्हा सर्वांस गाडीतून कारखान्यात नेले व अनवारुल यासही त्याच्या डॉर्मिटरीतून तेथे बोलावून घेतले.

श्री. सेंग यांनी दोन उथळ पेट्यांत ओला माल ओतून दिला व तो पुरेसा आळेपर्यंत आम्ही सर्व थांबलो. एक पेटी मला, एक अनवारुल याला. शेडमधील सर्व कामगार भोवती जमले. कोणी म्हणाले, "चाचा, कमर संभाल के!" दुसरा म्हणाला, "अरे, कमर छोड़, हाथ देख!" मी टोपी मंदारच्या हातात दिली व बसलो. अनेक वर्षांनी लोक माझे काम पाहण्यास उभे होते. चहाचा कप मी दोन हातांनी धरतो. गुरमाळा एकाच हाताने सरळ चालला. हे मंदारने पाहिले आहे, त्यास विचारावे.

दोन्ही पेट्या झाल्यावर कोह मॅडम यांनी विजेरी आडवी धरून त्या शुक्रवारच्या लादीशी ताडून पाहिल्या. मी डावखुरा आहे. शाळेत मास्तरांनी लेखणी उजव्या हातात दिली, पण गुरमाळा डाव्या हातातच राहिला. घोटताना मालावर कमानीसारखे पुसट वळ उमटतात. माझे वळ एका बाजूस झुकतात, अनवारुल याचे त्याच्या उलट. शुक्रवारच्या लादीवरील प्रत्येक वळ माझ्या पेटीसारखा होता. मॅडम बराच वेळ उकिडव्या बसून पाहत होत्या. मग उठून म्हणाल्या, "सेम." कामगारांनी टाळ्या वाजविल्या. अनवारुल याने टाळ्या वाजविल्या नाहीत. तो खाली बसला व त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

श्री. सेंग यांनी मला विचारले, "पण का, अंकल?" मी सांगितले की, खरबरीत जमीन पाहुण्यांस दाखविणे आमच्यात शोभत नाही. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी बाटलीतील पाणी माझ्या लादीवर ओतले व मला वहाण काढून तिच्यावर उभे राहण्यास सांगितले. माझ्या कोब्यावर कोणी घसरल्याचे मी ऐकलेले नव्हते. परंतु माझा कोबा लोकांच्या ओटीवर असे, तलावाच्या काठावर नव्हे. मी पहिले पाऊल ठेवले व दुसरे ठेवण्याआधीच माझा पाय सुटला. अनवारुल याने मला काखेत हात घालून वरच्या वर धरले, नाहीतर आज हा जबाब इस्पितळात लिहावा लागला असता. तो म्हणाला, "चाचा, पुलिस ने नहीं पकड़ा, हमने पकड़ लिया!" सर्व हसले. कोह मॅडम यांस अर्थ सांगितल्यावर त्याही हसल्या. मीही हसलो.

नंतर मला जाड कोट चढवून कोल्ड रूममध्ये नेण्यात आले. माझ्या तोंडातून वाफ येत होती, हे मी आयुष्यात प्रथम पाहिले. तेथे चाचणीच्या दोन जुन्या लाद्या शेजारी शेजारी होत्या. एक घोटलेली, दुसरी अनवारुल याच्या पद्धतीने ब्रश ओढलेली. दोन्ही सारख्याच गोठविलेल्या. घोटलेलीस मी नख लावले, तर भाकरीचा पापुद्रा निघावा तशी तिची कातडी माझ्या हातात आली. खरबरीत लादी जशीच्या तशी होती. मंदारने समजावून सांगितले की, पाणी गोठले की फुगते व त्यास फुगावयास जागा लागते. म्हणून तेथे काँक्रीटमध्ये औषध घालून बारीक बुडबुडे मुद्दाम राखतात. वर कोरडे सिमेंट टाकून घोटले की तोंडच बंद होते, पाणी आत कोंडते आणि लादी सोलते.

मी साठ वर्षे मालातील हवा ठोकून ठोकून बाहेर काढली. येथे ती मोजून आत घालतात! मी मंदारला ते तीन वेळा सांगावयास लावले. थंडीने माझे दात वाजत होते तरी मी बाहेर येण्यास तयार नव्हतो. शेवटी मॅडम यांनी मला हाताला धरून बाहेर आणले. असे काम या वयात पाहावयास मिळाले याचा मला इतका हर्ष झाला की अनवारुल याच्यासह ठाण्यात परतताना गाडीत मी सारखा बोलत होतो. दुभाषी नाडकर्णी यांनी त्यातील बऱ्याच भागाचे भाषांतर केले नाही.

कारखान्यातून निघण्यापूर्वी श्री. सेंग यांनी कोह मॅडम यांना सांगितले की, अनवारुल याच्याविरुद्ध त्यांची काहीही तक्रार नाही व ती ते मागे घेत आहेत. नवीन लादी अनवारुल हाच करील व पाहुण्यांस पुन्हा बोलावण्यात येईल. मंदार यास त्यांनी एवढेच सांगितले की, यापुढे वडिलांना ताज्या मालाजवळ एकटे बसवू नये. माझ्याबाबत काय करावयाचे ते कायद्याप्रमाणे करावे, मी कोठेही जात नाही. मला फक्त एक गोष्ट स्वतंत्र ओळीत लिहून हवी आहे, ती अशी:

अनवारुल हक याने त्या लादीवर केलेले काम पूर्ण व बरोबर होते. ते मी नासवले. हे एक गवंडी दुसऱ्या गवंड्याबद्दल लिहून देत आहे.

येथवर लिहिलेले दुभाष्यांनी मला सावकाश वाचून दाखविले व मी ते स्वतःही अक्षर लावून वाचले. त्यात माझ्या बोलण्यापेक्षा कमी अथवा जास्त काही नाही. अंगठा नको, मला सही येते, असे सांगून मी खाली सही करीत आहे.

बाबाजी विठू मेस्त्री

जबाब लिहिला व वाचला गेला तेव्हा समक्ष हजर असलेले साक्षीदार:

विश्वास नाडकर्णी, दुभाषी.

मंदार बाबाजी मेस्त्री, इंजिनियर, जबाब देणाऱ्याचा मुलगा.

अनवारुल हक, गवंडी, उद्या सकाळपासून कामावर हजर, सही बंगालीत.