डाव्या बोल्टाचा दीड फेरा

मी खाली सही करणारी, वय ३४ वर्षे, शिक्षण प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका, काम भावाच्या मोटारसायकल गॅरेजात टेबलावर बसून दुरुस्तीच्या गाड्या लिहून घेणे व घरी अंथरुणाला खिळलेल्या आईचे सगळे करणे, राहणार गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या, आज सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष सांगते की, या प्रकरणात मी आधी दिलेला जबाब खोटा ठरला आहे. त्यातला आरोप मी खरा समजून केला होता. तो खोटा असल्याचे मला आजच, इथल्या आवारात कळले.

माझा उजवा पाय लहानपणापासून अधू आहे. मी कुबडीवर चालते. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, याने चार महिने खपून एका जुन्या मोटारसायकलला मागे दोन चाके बसवून मला तीनचाकी करून दिली. या गाडीला साखळी नाही, दातेरी पट्टा आहे. दोन्ही मागची चाके एका अॅक्सलवर असून अॅक्सल मागेपुढे करायला डावीकडे एक व उजवीकडे एक असे बोल्ट आहेत. दोन्ही बोल्ट सारखे असले की गाडी सरळ धावते. एक जरी सैल पडला तरी अॅक्सल तिरपा होतो, पट्टा ढिला पडतो आणि गाडी एका अंगाला ओढते.

तीन तारखेला दादाने व मी मिळून चाके सरळ आहेत का हे बघायला गाडीला सुतळी लावली. टेपचे एक टोक मी धरले होते. दोन्ही बाजूंचे माप सारखे आले. पट्ट्याला पाच किलोचे वजन टांगले तेव्हा तो एक बोटभर खाली आला, म्हणजे हवा तेवढाच. आमच्या गॅरेजातला रिवाज असा की नट-बोल्ट पक्का केला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचे, बोल्ट हलला. माझ्या गाडीच्या दोन्ही बोल्टांवर मी हट्टाने माझ्या लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. दादा हसून म्हणाला, "नवरीच नटवलीस की गं!" त्या दिवशी मी फार आनंदात होते.

पुढचे दहा-अकरा दिवस गाडी सुतासारखी सरळ धावली. चौदा तारखेला मला दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेचे पत्र आले. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे काम, राहायला खोली, अट एकच की स्वतःच्या गाडीचा तपासणी दाखला एक तारखेच्या आत दाखवायचा. दादाने पत्र दोनदा वाचले. "तू गेलीस तर आईचं कोण करणार?" एवढेच विचारले. मी म्हणाले, "तू आहेस, वहिनी आहे. मी पंधरा वर्षं केलंच ना?" दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाला, "जा तू. तपासणीचा सराव मीच करून घेतो." मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही लिहून घ्यावे.

सोळा तारखेपासून गाडी डावीकडे ओढू लागली. चढावर निघताना पट्टा कटकट वाजायचा. मी दादाला खाली वाकून बघायला सांगितले. तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं! गाडी सरळच आहे, छकुले. तुझा डावा हात ओढतोय. मनात भीती बसलीय तुझ्या." मी स्वतः बघते म्हटले तर म्हणाला, "कपडे खराब करू नकोस. मी आहे ना." त्यानंतर रोज संध्याकाळी पाच ते सहा गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत तो माझ्या मागे चालत सराव घेत असे. डावा हात ढिला ठेव, दोनच बोटे मुठीवर राहू देत, असे त्याने मला शिकवले. नऊ दिवस मी माझ्याच हाताला दोष दिला. झोपण्याआधी कपाटाची मूठ धरून ढिला हात ठेवण्याचा सराव केला.

पंचवीस तारखेला सकाळी अकरा वाजता तपासणी केंद्रावर चाचणीच्या चढावर गाडी उभी करून पुन्हा निघताना पट्टा पुलीवरून सटकला व गाडी डावीकडे फिरली. माझी दोनच बोटे मुठीवर होती. गाडी लोखंडी कठड्यावर गेली आणि माझे डावे मनगट मोडले. तपासनिसाने वाकून पाहिले व डावा बोल्ट दीड फेरा सैल असल्याचे लिहिले. गाडी नापास झाली. प्रयोगशाळेने ती जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली.

दादा तिथेच ओरडला की हे आमच्या गॅरेजसमोरच्या पंक्चरवाल्याचे काम, गाड्या लावण्यावरून त्याचे आमच्याशी भांडण आहे. त्याच्या सांगण्यावरून मी पहिल्या जबाबात पंक्चरवाल्याला गाडीजवळ पाहिल्याचे सांगितले. मी त्याला पाहिले नव्हते. दादा सांगतो म्हणजे असेलच, असे मी धरले. त्याला दोन दिवस इथल्या बाकावर बसवून ठेवले. त्याची बायको घरी येऊन मला म्हणाली, "ताई, तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत का हो?" चोर सोडून संन्याशाला सुळी दिली ती माझ्या सहीने.

आज पंक्चरवाल्याविरुद्ध आणखी जबाब द्यायचा म्हणून दादानेच मला स्वतःच्या गाडीवरून इथे आणले. हवालदारांनी गाडी ओळखायला सांगितली. ती आवारात भिंतीशी उभी आहे. रेघा ओढल्यानंतर आज पहिल्यांदाच मी जमिनीवर बसून खालून पाहिले. उजव्या बोल्टावरची लाल रेघ अखंड आहे. डाव्या बोल्टावरची तुटलेली आहे. अर्धी रेघ डोक्यावर, अर्धी पत्र्यावर, तोंडे विरुद्ध दिशेला. आणि सैल केलेल्या जागी, वरपासून खालपर्यंत, नवी पिवळी रेघ आहे.

खोडी काढायला आलेला माणूस बोल्ट सैल करून पळतो. तो रंगाची डबी उघडून, ब्रश पुसून, रेघ ओढत बसत नाही. अशी रेघ, शेवटी जराशी वर उचललेली, एकाच माणसाच्या हातची आहे. बोल्टावरून हात काढला की रेघ ओढायची, ही त्याची वीस वर्षांची सवय. वाकडे काम करतानाही ती सुटली नाही. कुंपणानेच शेत खाल्ले, साहेब, आणि वर पाटी लावली.

पंक्चरवाल्याचा यात काही संबंध नाही. त्याला पुन्हा बोलावू नये. त्याच्या घरी जाऊन मी स्वतः माफी मागणार आहे.

संशयित म्हणून कोणाला धरायचे, असे साहेबांनी मला विचारले. त्याच वेळी दादा बाकावरून उठून दारात आला. माझी कुबडी त्याच्या हातात होती. तो म्हणाला, "झालं का गं, छकुले? आई एकटी आहे घरी. तिला भरवायचंय." मी म्हणाले, "होतच आलंय, दादा." तो परत बाकावर जाऊन बसला. साहेबांनी पुन्हा विचारले. मी सांगितले, आत्ता दारातून विचारून गेला, तो.

हा जबाब मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. दार लोटून, हळू आवाजात वाचावा अशी मी विनंती केली होती, ती साहेबांनी मानली. मी सांगितले तसेच लिहिले आहे. त्यातले काही कमी करायचे नाही.