कर्मचारी क

…नाही, तुम्हीच सांगा, चोवीस वर्षं एका खिडकीत उभं राहून ज्यानं नटबोल्ट, बेअरिंगं, पट्टे आणि हातमोजे वाटले, त्या माणसाला सेहेचाळिसाव्या वर्षी कुणी विचारावं का, की 'व्यवसाय म्हणजे काय ते पाच ओळींत लिहा'? पाच ओळींत! आणि तेही कुठं बसून, तर विशीतल्या पोरांच्या मापानं केलेल्या बाकावर, जिथं पोट आत घेतलं तर वही पडते आणि वही धरली तर श्वास अडकतो… पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर मास्तर आले समजून अख्खा वर्ग उभा राहिला, मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो तरी दोघंतिघं उभेच! लाज वाटली हो. पण बसलो, मुकाट बसलो. का? तर म्हणे, एकदा हा डिप्लोमा झाला की थेट दुसऱ्या वर्षाला!

हे प्रकरण सुरू कुठून झालं ते सांगतो. मी एका कारखान्यात स्टोअरकीपर. म्हणजे कामगाराला जे लागेल ते खिडकीतून काढून देणारा माणूस. एक दिवस आमच्या नव्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. मला तिथंच शंका आली, कारण चोवीस वर्षांत त्या केबिनमध्ये मला कुणी खुर्ची दिलेली नाही. म्हणाले, "काका, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही." तुम्हाला सांगतो, असं कुणी म्हणालं की समजावं, प्रश्न टेबलाखाली तयार आहे. आलाच! पुढच्या वर्षापासून स्टोअर बघणारा माणूस पदवीधर हवा असं वरून ठरलंय, पण काका जुने, काकांचं नाव निदान पदवीच्या दुसऱ्या वर्षाला लागलेलं असलं तर वरच्यांना समजावता येईल, नाहीतर… आणि ते 'नाहीतर' त्यांनी असं अर्धवट सोडलं की जिना उतरून मी खाली येईपर्यंत ते माझ्या मागून चालत होतं.

गेलो कॉलेजात. तिथंही खिडकीच, पण या वेळी मी बाहेरच्या बाजूला! आतल्या बाईंनी बारावीचं साल विचारलं, मी सांगितलं, त्या संगणकावर यादी खाली सरकवत गेल्या, सरकवत गेल्या, आणि म्हणाल्या, इतकं मागे यादी जातच नाही. मग मायेनं समजावलं, की पदवीला एकदम घेणार नाहीत, पण व्यवसायाचा हा सुरुवातीचा डिप्लोमा आहे, आठ महिन्यांचा, संध्याकाळचा, तो पास झालात की पदवीचं पहिलं वर्ष माफ, थेट दुसऱ्या वर्षाला! कसं म्हणाल्या माहितीये? जसं काही मी आत्ताच निघायचं आणि चहाच्या वेळेपर्यंत पोचायचं. बायकोनं ते वाक्य संध्याकाळपर्यंत इमारतीच्या चारही मजल्यांवर पोचवलं. हिशेब करत बसली फक्त लेक. ती त्याच कॉलेजात, त्याच पदवीच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या बरोबर ध्यानात आलं. "म्हणजे पुढच्या वर्षी आपण एकाच वर्षाला? बाबा, तुम्ही संध्याकाळच्याच वर्गाला जा हं." म्हटलं, बाई, जातो, संध्याकाळच्याच जातो, तुला ओळखसुद्धा दाखवत नाही. दिलं वचन.

आणि शिकवायला कोण, तर चौकटबाई. हे नाव मी ठेवलेलं नाही, पोरांनी ठेवलंय, पण बरोबर ठेवलंय. बाईंना जगातलं काहीही दाखवा, त्या फळ्यावर एक उभी रेघ मारणार, एक आडवी मारणार, झाल्या चार चौकटी! बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. मी उत्साहानं घरी येऊन बायकोच्या चौकटी काढल्या, तर ती म्हणाली, आधी धोके वाच. काय काय शिकलो हो मी! वर्षानुवर्षं न खपलेल्या मालाला 'मृत साठा' म्हणतात. मी त्याला इतकी वर्षं 'लागेल कधीतरी' म्हणत होतो, आणि लागायचा की! पण शिकलो. दिवसभर उभा राहायचो, संध्याकाळी बाकात अडकायचो, गुडघे कुरकुरायचे, आणि स्वतःला सांगायचो, थेट दुसऱ्या वर्षाला, थेट दुसऱ्या वर्षाला.

मग आला तो प्रकल्प. चाळीस गुणांचा, आणि त्यात नापास तर अख्ख्या डिप्लोमात नापास. एका खऱ्या कारखान्याचं नाव-गाव न देता वर्णन दिलेलं, दुखणं आपण शोधायचं आणि औषध आपण सुचवायचं. अक्षर बारीक, म्हणून रविवारी सकाळी लेकीला म्हटलं, तूच वाच मोठ्यानं. ती वाचायला लागली. स्टोअरच्या खिडकीपाशी रांग लागते. रांगेचं कारण कर्मचारी क. कर्मचारी क यांना स्कॅनर दिला आहे, पण ते तो वापरताना दिसले नाहीत. इथवर मी मान डोलावत होतो, म्हटलं असतात असे लोक! पुढं वाचते तर काय, "कर्मचारी क प्रत्येक ग्राइंडिंगचे चाक देण्यापूर्वी ते बोटात लटकवतात, पेचकसाच्या मुठीने त्यावर टकटक करतात व कान लावून ऐकतात. प्रत्येक चाकामागे चाळीस सेकंद जातात. या कृतीतून कोणतेही मूल्य निर्माण होत नाही." आधी ती हसली. कोण वेडा माणूस आहे हा, म्हणाली. आणि मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. मी चमच्यानं कपावर टकटक करत होतो. कप घेताना, डबा घेताना, अगदी दुकानात टरबूज घेतानासुद्धा मी टकटक करतो, चोवीस वर्षांची सवय, जाणार कुठं?

"बाबा," ती म्हणाली, "हे तुम्ही आहात."

तेव्हा मला आठवलं, अरे, वर्षापूर्वी एक घड्याळवाले गृहस्थ आमच्या स्टोअरमध्ये तीन दिवस येऊन बसले होते! कॉलेजातून आलोय म्हणाले, अभ्यास करतोय म्हणाले. मी त्यांना स्टूल पुसून दिलं, माझ्यातला अर्धा चहा दिला, आणि ते तीन दिवस माझे सेकंद लिहीत बसले… टकटक का करतो, हे एकदासुद्धा विचारलं नाही हो! विचारलं असतं तर सांगितलं असतं. ग्राइंडिंगचं चाक म्हणजे लोखंड घासायचा गोल दगड, तो धड असेल तर घंटेसारखा वाजतो. आत तडा असेल तर ठप्प! तडा डोळ्याला दिसत नाही, स्कॅनरला दिसत नाही, पण मशीनवर चढून वेग घेतला की ते चाक फुटतं आणि त्याचे तुकडे समोरच्या माणसाच्या तोंडावर येतात. मला हे अण्णांनी शिकवलं. अण्णा म्हणजे माझ्याआधीचे स्टोअरकीपर. त्यांना एकच डोळा होता. दुसरा कसा गेला, ते आता तुम्हीच ओळखा. चोवीस वर्षांत मी अकरा चाकं ठप्प म्हणून बाजूला काढली. अकरा! आणि मूल्य कोणतंही नाही.

मी उत्तर लिहिलं. मनापासून लिहिलं, की क ला ठेवा, टकटक ठेवा, हवं तर मदतीला एक माणूस द्या. चाळीसपैकी नऊ! खाली लाल शाईनं शेरा, 'मांडणी भावनिक. लेखक कर्मचाऱ्याच्या बाजूला झुकलेला आहे.' झुकलेला? अहो, लेखक त्याच्या अंगातच राहतो! बाईंकडे गेलो. म्हटलं आज सांगूनच टाकायचं. "बाई, तो क म्हणजे…" एवढंच म्हणालो, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "क मध्ये अडकू नका. क हा माणूस नाही, ती एक प्रवृत्ती आहे." प्रवृत्ती! दर महिन्याला गुडघ्याला तेल लावणारी प्रवृत्ती पाहिलीये का कुणी? पण बाई वाईट नव्हत्या. आठ दिवसांत पुन्हा लिहून द्या म्हणाल्या, या वेळी डोक्यानं लिहा, यात पास झालात की थेट दुसऱ्या वर्षाला!

आता काय करता? नोकरी टिकवायची तर पास व्हायला हवं, आणि पास व्हायचं तर लिहायला हवं की या माणसाला काढा. बसलो लिहायला. आणि तुम्हाला खरं सांगतो, एकदा सुरुवात केल्यावर हात थांबेना. माझ्या उणिवा माझ्याइतक्या कुणाला ठाऊक? लिहिलं, की क ला ऐकू कमी येत जाणार, गुडघे जाणार, त्याच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर घरी जाणार. लिहिलं, की क बदलणार नाही, सबब पदच रद्द करावं, खिडकीत यंत्र बसवावं. चार चौकटी काढल्या, आणि क ला उचलून धोक्यांच्या चौकटीत ठेवला. वाईट वाटलं का? वाटलं की. अण्णांचा तो एक डोळा माझ्याकडे बघतोय असं वाटलं. लेकीनं ते टाइप करून दिलं. आणि गुण किती? चाळीसपैकी एकोणचाळीस! वर्गात पहिला! एक गुण कापला होता, कारण अंमलबजावणीची तारीख दिलेली नव्हती.

निकाल घेऊन साहेबांकडे गेलो, छाती काढून. त्यांनी खुर्ची दिली. "काका, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही." झालं असं होतं, की कॉलेजनं सगळ्यात चांगलं उत्तर, लिहिणाऱ्याचं नाव काढून, आमच्या कंपनीकडं पाठवलं होतं, आणि वरच्यांना ते फार म्हणजे फार आवडलं होतं. इतकं मुद्देसूद आजवर कुणी मांडलंच नव्हतं म्हणे. त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. मी वाचलं. माझी वाक्यं, स्वल्पविरामासकट! सबब पदच रद्द करावं, खिडकीत यंत्र बसवावं… फक्त माझ्याकडून राहिलेली तारीख तेवढी त्यांनी घातली होती. पदवीधराची अट? ती काढून टाकली. माणूसच काढल्यावर अट कशाला? सांगू का यांना, की हे मीच लिहिलंय? ओठांपर्यंत आलं होतं. पण सांगितलं असतं तर म्हणाले असते, वा काका, मग तर तुमची संमतीच आहे.

तर आता नोकरी नाही, म्हणजे दिवस रिकामा, म्हणजे दिवसाचा वर्ग! लेकीला दिलेलं वचन मोडलं. ती पहिल्या बाकावर, मी शेवटच्या, बाक तेच, पोट तेच. आणि परवा ऐन तासाला खिशातला फोन थरथरला. ग्राइंडिंगवरचे मिस्त्री. म्हणाले, यंत्र म्हणतंय तिन्ही चाकं चांगली आहेत, पण काका, मन धजत नाही, जरा ऐकता का? मी वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन फोन कानाला दाबून उभा. त्यांनी तिकडं वाजवलं. टण्ण. दुसरं, टण्ण. तिसरं… ठप्प. म्हटलं, ते ठेवा बाजूला, मशीनला लावू नका. बारावं!

परत आत येऊन बसलो, तर चौकटबाई दिवसाच्या वर्गाला आदर्श उत्तर वाचून दाखवत होत्या. कुणाचं ते सांगायला नको. वाचून झालं, आणि पहिल्या बाकावरून माझ्या लेकीनं हात वर केला. "बाई, त्या कर्मचारी क चं पुढं काय झालं?"

बाई म्हणाल्या, ते आपल्या अभ्यासक्रमात येत नाही.

लेकीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं, सगळ्या वर्गादेखत. मी बाकावर बोटानं टकटक केलं आणि मनात म्हटलं, येतो की हो बाई. आलाय. थेट दुसऱ्या वर्षाला.