गार पाण्यात मळलेलं पीठ

सून : फोन ठेवू नका, बाबा. बेकरी बंद झालीय हे मला माहीत आहे. मी पावाची ऑर्डर द्यायला फोन केलेला नाही.

सासरे : मग कोण बोलतंय? आणि बाबा कुणाला म्हणताय?

सून : तुम्हालाच. मी तुमची सून.

सासरे : थांब, जरा बसतो. हं, बोल. तो बरा आहे ना?

सून : बरा आहे. तब्येतीचं काही नाही. कपडे धुवायला गेलाय, कोपऱ्यावर मशिनं आहेत तिथे. दोन तास तरी येत नाही. त्याला न सांगता फोन केलाय मी.

सासरे : नंबर कुणी दिला? त्याने दिला असेल असं काही वाटत नाही.

सून : तुमच्या पावाच्या कागदावर छापलाय. त्याच्या सर्टिफिकेटांच्या फाइलला त्या कागदाचं कव्हर आहे. मला वाटलं, लागणारच नाही.

सासरे : दुकानातलं सगळं विकलं. एवढा फोन काढवला नाही. सहा वर्षं झाली, पोरी. तो परदेशात गेला हे मला पोस्टमनकडून कळलं, लग्न केलं हे आणखी कुणाकडून तरी. आज काय नडलं?

सून : पाव फुगत नाही.

सासरे : काय?

सून : महिन्यापूर्वी त्याच्या मित्राचा फोन आला, तुम्ही भट्टी कायमची विझवली म्हणून. हा जेवला, भांडी घासली, झोपला. पुढच्या रविवारी किलोभर मैदा घेऊन आला. तेव्हापासून दर रविवारी पाव करतो. पाव कसला, वीटच ती. कुणाच्या डोक्यात घातली तर पोलीस येतील. मग ती कागदात गुंडाळून टाकून देतो. चार रविवार झाले. आज पाचवा. मला आता बघवत नाही.

सासरे : तिथे ओव्हन असेल ना घरात?

सून : ओव्हन कुठला, बाबा. एक खोली आहे. विजेची एक शेगडी आणि एक जाड बुडाचं पातेलं, तेही शेजारणीचं. छतावर धुराचा भोंगा आहे, जरा काही करपलं की सगळी इमारत गोळा करतो. वजनकाटा नाही. बॅगा तोलायचा आकडा असतो ना, त्याला पिशवी लटकवून मैदा मोजतो. आणि मळतो बॅगेच्या पाठीवर, प्लास्टिक अंथरून.

सासरे : बॅगेवर?

सून : टेबल डुगडुगतं.

सासरे : अरे देवा. बरं, काय काय घालतो ते एकेक सांग. मला किलोचं प्रमाण विचारू नको, माझा हात पोत्याला सरावलाय. तू सांग, मी चूक काढतो.

सून : मैदा. मीठ. चिमूटभर साखर. यीस्टची पुडी, ताजी आहे, तारीख बघून आणलीय. मग पाणी. आणि हात भरून येईपर्यंत मळतो.

सासरे : पाणी कसं?

सून : गार. बाटली रात्रभर खिडकीबाहेर ठेवतो. पुडीवर काय लिहिलंय ते आम्हाला धड वाचता येत नाही, पण पेल्यातून वाफ निघतेय असं चित्र आहे. मी म्हटलं, जरा कोमट घेऊन बघ. तर म्हणाला, पीठ गार पाण्यातच मळायचं, बाबा सांगायचे.

सासरे : खोलीत थंडी असते का?

सून : असते म्हणजे काय. स्वेटर घालून मळतो.

सासरे : अगं, आमच्या भट्टीघरात बारा महिने धग. कोमट पाणी घातलं तर पीठ तासाभरात आंबून जाईल. म्हणून गार. उन्हाळ्यात तर बर्फ टाकायचो. पोराच्या कानीकपाळी ओरडलो मी, गार पाणी, गार पाणी. थंडीत कोमट घ्यायचं असतं हे सांगायची वेळच आली नाही कधी.

सून : म्हणजे चूक पाण्याची आहे.

सासरे : चूक माझी आहे. माझं ऐकतोय म्हणून त्याचा पाव फुगत नाहीये. सहा वर्षं माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि पाणी मात्र माझ्या सांगण्याने घेतोय.

सून : एक विचारू?

सासरे : तू काय विचारणार ते माहीत आहे मला. विचार.

सून : त्याने मला एवढंच सांगितलंय. आई गेल्याचं कळलं तसा तो हॉस्टेलवरून निघाला. स्टँडवर उतरला तर लांबूनच बेकरीच्या धुराड्यातून धूर दिसला. आई घरात, आणि तुम्ही पाव भाजत होतात.

सासरे : खरं आहे.

सून : आणि त्याने जाब विचारला तर तुम्ही म्हणालात...

सासरे : भट्टी कुणासाठी थांबत नाही. म्हणालो खरा. तो चार लोकांसमोर ओरडला, मी त्याच्यावर आवाज चढवला. तोंडाला आलं ते बोललो. पण ते खरं नव्हतं.

सून : मग खरं काय?

सासरे : ते पीठ तिने मळलं होतं. आदल्या संध्याकाळी कामगार आला नाही, तर पदर खोचून स्वतः उभी राहिली. पहाटे ती गेली. मी भट्टीघरात गेलो तर फडक्याखाली पीठ काठोकाठ वर आलेलं. तिच्या हातचं शेवटचं. ते कसं फेकून देऊ, तूच सांग. भाजलं. एकही पाव विकला नाही. मागच्या दाराने गल्लीत वाटून टाकले.

सून : हे त्याला कधी सांगितलंच नाहीत?

सासरे : आधी रागाने सांगितलं नाही, मग लाजेने. तोवर तो निघून गेला. तूही बोलू नको त्याच्याकडे. आता काय उपयोग?

सून : तसा शब्द मी देत नाही, बाबा. पाणी किती कोमट ते सांगा.

सासरे : तू भलतीच खमकी दिसतेस. बोट बुडवून दहापर्यंत आकडे मोजता आले पाहिजेत, चटका न बसता. मळलं की भांडं झाकून रजईत गुंडाळून ठेव. दुप्पट होऊ दे. घड्याळ बघू नको, पीठ बघ. भाजताना पातेल्याच्या तळाला मीठ पसर, त्यात वाटी उपडी घाल, तिच्यावर पावाचं भांडं. झाकणावर काहीतरी जड ठेव. आच बारीक. वरून गोराच राहील, राहू दे.

सून : आणि झाला हे कसं ओळखायचं?

सासरे : उलटा करून पाठीवर बोट वाकवून वाजवायचं. पोकळ आवाज आला की झाला. मी दोनदा वाजवतो. तुझा नवरा तीनदा वाजवायचा, एवढासा होता तेव्हापासून. मी म्हणायचो, बारक्या, पाव आहे तो, दार नाही. तर म्हणायचा, तिसरं खात्रीचं.

(त्याच दिवशी, पाच तासांनी. पुन्हा फोन.)

सून : लगेच उचललात.

सासरे : इथेच बसलोय. काय झालं?

सून : पीठ वर आलं. इतकं की रजईला लागलं.

सासरे : तो आला?

सून : मी मळत होते तेव्हाच आला. पाण्यात बोट घातलं आणि म्हणाला, हे कुणी सांगितलं? म्हटलं, बाबांनी. म्हणाला, बाबा गार सांगतात. म्हटलं, थंडीत नाही सांगत.

सासरे : मग?

सून : मग बाकीचंही सांगितलं. ते पीठ कुणी मळलं होतं ते.

सासरे : काय म्हणाला तो?

सून : धुतलेल्या कपड्यांची पिशवी खाली ठेवली, हात धुतले, मला बाजूला सारलं आणि राहिलेलं पीठ त्याने मळलं. रडत होता. मी न बघितल्यासारखं केलं.

सासरे : बरं केलंस.

सून : आता पाव काढलाय. वरून गोरा, खाली थोडा लागलाय. भोंगा वाजला नाही हे नशीब. पण आतून झालाय का, ते काही उमगत नाही. फोन पावाजवळ धरते. तुम्हीच ऐका.

सासरे : उलटा केलास? हं, वाजव. एक. दोन. ... आणि तिसरं. बारक्या, तूच आहेस ना?

मुलगा : आवाज बरोबर आहे का, बाबा?

सासरे : पोकळ आहे. झालाय.

मुलगा : कापू?

सासरे : गरम कापू नको, आत चिकट होईल. गार व्हायला तासभर जाईल.

मुलगा : मग फोन ठेवताय?

सासरे : नाही. मी थांबतो.